पुतळ्याला हात न लावता बागेत जिओकॅश कसा लपवावा

अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या गावांत, बागेत नाहीतर कोर्टासमोरच्या हिरवळीवर पहिल्या महायुद्धातला सैनिक उभा असतो. उजव्या हातात उंच धरलेला हातबॉम्ब, डाव्या हातात रायफल. शिल्पकार ई. एम. विक्वेस्नी यांचा हा ‘डोबॉय’, म्हणजे त्या युद्धातला अमेरिकन पायदळ सैनिक. जिओकॅशला, म्हणजे इतरांनी अक्षांश-रेखांशावरून शोधायच्या लपवलेल्या डबीला, जागा झकास, पण डबी चौथऱ्याच्या फटीत किंवा फलकामागे खुपसू नका. शोधणारे फटीत किल्ल्या घालतात आणि दगडाचे टवके उडतात. पुतळ्यावरचे आकडे कोड्यासाठी घ्या, डबी लांब ठेवा.

आधी गावाच्या पार्क विभागाची परवानगी काढा. देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा टिपून ठेवा, कॅश प्रसिद्ध करण्याआधी तो तपासणारा रिव्ह्यूअर विचारू शकतो. मग नकाशा बघा: दुसऱ्या कुणाची डबी १६१ मीटरच्या आत नको. नुसता फलक वाचायचा टप्पा या अंतरात धरत नाहीत, म्हणून ही पद्धत गजबजलेल्या बागेतही जमते.

जागा निवडताना फुलांचे वाफे, विजेच्या पेट्या आणि मुलांचं खेळाचं मैदान टाळा. घसरगुंडीजवळ घुटमळणाऱ्या अनोळखी माणसामुळे पोलिसांना फोन जातो. खड्डा खणायचा नाही, हा नियमच आहे. कुंपणाच्या खांबाचा बुंधा किंवा मोठ्या झाडाची ढोली बरी.

अक्षांश-रेखांश घाईत घेऊ नका. झाडाखाली फोनचं रीडिंग नाचतं. तीस मीटर लांब जा, वेगळ्या दिशेने परत या, पुन्हा घ्या. अशी चार-पाच रीडिंगं, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी, आणि त्यांची सरासरी.

आता कोडं. समजा पुतळा उत्तर अक्षांशाच्या ४१.३७२ मिनिटांवर आहे (अंश दोन्हीकडे सारखेच), डबी ४१.४२७ वर, आणि फलकावर अनावरणाचं साल १९२८. ‘सालातून १५०१ वजा करा, तेच डबीच्या अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे’ एवढं पुरे: ४२७. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, म्हणजे डबी पुतळ्याच्या उत्तरेला साधारण १०० मीटर. रेखांश सरळ देऊन टाका. झिजलेल्या पितळेवर ८ चा ३ दिसतो. कुणी १९२३ वाचलं की तो नऊ मीटर अलीकडे झुडपं उपसत बसणार. म्हणून पडताळा द्या: तिन्ही आकड्यांची बेरीज १३. शहिदांची नावं मात्र मोजायला लावू नका. एकाला चाळीस भरतात, दुसऱ्याला एकेचाळीस.

डबी अर्धा लिटरची, रबरी कडेची, चारही बाजूंनी खटके असलेली. शक्यतो पारदर्शक, वर ठळक ‘जिओकॅश’ लिहिलेली. बिननावाची अपारदर्शक डबी बॉम्बशोधक पथकाला निमंत्रण देते. आत झिपच्या पिशवीत वही आणि पेन्सिल. दमट कागदावर बॉलपेन उठत नाही. पिशवीचं टोक झाकणात अडकलं की तिथूनच पाणी शिरतं, तेव्हा ती डबीपेक्षा लहान घ्या. खाऊ अजिबात नको: मुंग्या येतात, रकून डबी फोडतात.

कॅश प्रसिद्ध झाला की पहिला गडी तासाभरातही टपकतो, तेव्हा सगळं आधीच जागेवर हवं. बाग अंधार पडल्यावर बंद होत असेल तर कॅशच्या वेबपानावर तसं नोंदवा. लागोपाठ दोन-तीन जणांनी ‘सापडला नाही’ लिहिलं तर स्वतः जाऊन बघा. बहुतेकदा डबी चोरीला गेलेली नसते, कुणीतरी शेजारच्या खांबाशी ठेवलेली असते. फलकाचा फोटो जवळ असू द्या; सफाईसाठी तो उतरवला तर कॅश तेवढ्यापुरता बंद ठेवा.