मुंबईतला रोजगार उद्योगवार मांडताना या चुका टाळा

मुंबईत कोण कशावर पोट भरतं, हे आकड्यांत मांडण्याचं काम आता बरेच जण करतात. कॉलेजचे प्रकल्प, संस्थांचे प्रस्ताव, वॉर्डांचे अहवाल, निवडणुकीआधीच्या बातम्या. बहुतेकांचा निष्कर्ष एकच निघतो: मुंबई आता सेवा क्षेत्राची झाली. निष्कर्ष खोटा नाही, पण ज्या तक्त्यावरून तो काढलेला असतो तो तक्ता पुष्कळदा चुकीचा वाचलेला असतो. त्या चुकीत आधी हरवतात ती कमी पगाराची माणसं, आणि मग योजनाही त्यांना सोडूनच आखल्या जातात.

उद्योग आणि हातातलं काम यांची गल्लत

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात आज उभी असलेली एखादी ऑफिसची इमारत घ्या. बँकेच्या पगारपत्रकावरचा ड्रायव्हर 'वित्त' या उद्योगात मोजला जातो. तोच ड्रायव्हर भाड्याने गाड्या पुरवणाऱ्या कंपनीचा असेल तर 'वाहतूक'. दारावरचा वॉचमन आणि मजले पुसणाऱ्या बाया एजन्सीमार्फत आल्या असतील, तर त्यांची नोंद 'प्रशासकीय व सहाय्यक सेवा' या विभागात. सरकारी आकडेवारीत उद्योगांना क्रमांक देणारं राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण 2008 हे माणूस ज्या आस्थापनेत (कंपनी, कारखाना, दुकान) काम करतो तिचा धंदा विचारतं. माणूस स्वतः काय करतो, हे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 सांगतं. तेव्हा वित्त क्षेत्रातले सगळे म्हणजे अधिकारी आणि कारकून, असं धरून सरासरी पगाराबद्दल काही लिहू नका.

याच चुकीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. कारखान्याचा वॉचमन, झाडूवाला, कॅन्टीनचा पोऱ्या पूर्वी कायम कामगार असायचा आणि वस्तुनिर्माणात मोजला जायचा. आज तो ठेकेदाराकडून येतो, म्हणून सेवेत जातो. काम तेच, जागा तीच, पण कागदावर कारखानदारी घटली आणि सेवा वाढली. याचा अर्थ गिरण्या फक्त कागदावर गेल्या असा मुळीच नाही. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते, आणि त्यानंतर गिरणगावाचं जे झालं ते खरंच झालं. पण त्या घसरणीच्या जोडीला ठेकेदारीचा हा सरकता हिशेबही आहे. तो दाखवायचा तर 'सेवा' हा एकच आकडा देऊ नका. औद्योगिक वर्गीकरणातले मनुष्यबळ पुरवठा (विभाग 78), सुरक्षा (80), इमारतींची स्वच्छता व देखभाल (81) आणि घरकाम (97) वेगळे काढा. मगच संगणक (62) आणि वित्त (64) यांच्याशी तुलना करा.

माणूस मोजला कुठे?

जनगणना आणि नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण (रोजगाराची सरकारी नमुना पाहणी) माणसाला तो राहतो तिथे मोजतात. आर्थिक गणना त्याला आस्थापना आहे तिथे मोजते. डोंबिवलीहून रोज फोर्टला येणारा कारकून पहिल्या दोन्हींत ठाणे जिल्ह्यात, तिसरीत मुंबई शहरात. दोन्ही स्रोत एकाच तक्त्यात शेजारी ठेवून कोणी टक्केवारी काढली की दक्षिण मुंबईत राहणाऱ्या कामगारांपेक्षा नोकऱ्याच जास्त दिसतात, आणि मग आकडाच चुकला म्हणून तो टाकून दिला जातो. आकडा बरोबर असतो, भागाकार चुकलेला असतो. 2011 च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणापर्यंतचं अंतर आणि प्रवासाचं साधन यांचा तक्ता आहे, तो आधी बघा.

सहाव्या आर्थिक गणनेत (2013-14) सार्वजनिक प्रशासन आणि संरक्षण धरलेलं नव्हतं. म्हणजे मंत्रालय आणि नौदल बाहेर. दक्षिण मुंबईसाठी ही गाळणी लहान नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांतली अडचण निराळी. मुख्य कार्यालय मुंबईत असलेल्या कंपनीची माणसं देशभर असू शकतात आणि त्यांची नोंद मुंबईच्या क्रमांकाखाली असू शकते. शिवाय तो कायदा सर्वसाधारणपणे 20 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना लागू. दुकानातला नोकर, रिक्षावाला, फेरीवाला त्यात नाहीच.

कोणती मुंबई?

मुंबई उपनगर जिल्हा 1 ऑक्टोबर 1990 ला वेगळा झाला. त्यामुळे 1981 ची 'बृहन्मुंबई' आणि 2011 चा 'मुंबई जिल्हा' यांची तुलना केली की जवळजवळ पाऊण शहर गायब होतं. दोन्ही जिल्हे मिळवूनच तुलना करा, आणि महानगर प्रदेशाचा आकडा असेल तर तसं ठळक लिहा.

'इतर कामगार' पाहून थांबणं

जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात चारच खाने आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. मुंबईत जवळजवळ सगळे 'इतर'. उद्योगवार तपशील हवा तर बी मालिकेतले तक्ते उघडावे लागतात. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून 2011 चा आकडा लिहिताना वर्ष आकड्याला चिकटूनच लिहा.

वर्गीकरण बदललं, धंदा नाही

2004 च्या वर्गीकरणात भंगारापासून कच्चा माल तयार करण्याचं काम वस्तुनिर्माणात होतं. 2008 मध्ये ते पाणीपुरवठा, सांडपाणी आणि कचरा व्यवस्थापनाच्या विभागात गेलं. धारावीतल्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडून, धुऊन, दळणारा तोच माणूस त्याच पत्र्याच्या शेडखाली, आणि मालिकेत मात्र कारखानदारीतून बाहेर. प्रकाशनाचंही तसंच: वर्तमानपत्रं, पुस्तकं काढण्याचं काम छापखान्यांसोबत वस्तुनिर्माणात होतं, ते माहिती व संप्रेषणात गेलं. मुद्रण मागेच राहिलं. ज्या शहरात इतकी दैनिकं निघतात तिथे याने रेषा वाकते. 2008 च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वर्षांची रेषा जोडण्याआधी जुना क्रमांक कुठल्या नव्या क्रमांकात गेला हे दाखवणारा, दोन्ही आवृत्त्यांचा जुळणी तक्ता वापरा.

एका वॉर्डाचा आकडा मागणं

श्रमबल सर्वेक्षण नमुन्यावर चालतं. त्यातून कुर्ल्याच्या एल वॉर्डात किती टक्के लोक बांधकामावर आहेत, हे निघणार नाही. सर्वेक्षणाचे घरवार आकडे उतरवून तुम्ही स्वतः हिशेब केला आणि मुंबईत काही शे कामगार आले, तर गुणक (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा) लावायचा राहिला. शंभरपट जास्त आले, तर गुणकातली दोन दशांश स्थळं राहिली, म्हणजे त्याला 100 ने भागायचं राहिलं. सोबतची सूचना फाइल वाचा. एखाद्या खान्यात नमुन्यातली माणसं फारच थोडी असतील तर तो खाना छापू नका.

घरात चाललेलं काम सुटणं

वार्षिक उद्योग पाहणी नोंदणीकृत कारखान्यांची असते. धारावीतलं चामड्याचं काम, कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, झवेरी बाजारातल्या माळ्यांवरचे कारागीर यांतले बहुतेक त्यात येत नाहीत. आणि चाळीतल्या बाया तर घरोघरच्या सर्वेक्षणातही सुटतात. 'वहिनी, काम करता का?' असं विचारलं की 'नाही, घरीच असते' हे उत्तर ठरलेलं, मांडीवर मण्यांची माळ अर्धी ओवलेली असली तरी. दार उघडणारे भाऊ किंवा सासरे असतील तर उत्तर आणखी पक्कं.

तुम्ही स्वतः वस्तीत सर्वेक्षण करणार असाल तर प्रश्न बदला आणि तो त्या बाईलाच विचारा. 'गेल्या आठवड्यात पैसे मिळतील असं काही केलंत का? शिलाई, फॉल-बिडिंग, पापड लाटणं, डबे, मणी, दागिने कार्डावर लावणं?' अशी नावं घेऊन विचारा. माल कोण आणून देतं आणि नगाला किती मिळतात, हेही लिहून घ्या. उद्योगाचा क्रमांक तिथे दारात ठरवू नका. संध्याकाळी सगळे अर्ज समोर ठेवून, कामाचं वर्णन वाचून, एकाच माणसाने तो भरावा.