पुण्यात चांगलं थाई हॉटेल कसं शोधायचं

पुण्यात थाई खायचं म्हटलं की गूगलवर सर्च टाकतो आणि समोर जी लिस्ट येते त्यातली निम्मी हॉटेलं खरंतर चायनीज असतात, मेनूच्या शेवटच्या पानावर ग्रीन करी आणि पॅड थाई (नूडल्स) टाकलेलं असतं बास. म्हणून स्टार बघून जाऊ नका. लोक रेटिंग देतात ते सर्व्हिस, पार्किंग, अॅम्बियन्स आणि वाढदिवसाला फुकट मिळालेल्या केकवर, जेवण थाई होतं का हे त्यातून कळत नाही.

त्यापेक्षा फोटोंमध्ये जा. लोकांनी टाकलेले मेनूकार्डचे फोटो असतात ते नीट वाचा. सोम तम, लार्ब, टॉम खा, पॅड क्रापाव, खाओ सोई या थाई पदार्थांतलं दोन-तीन जरी दिसलं तरी कुणीतरी मनापासून मेनू लिहिलाय असं समजा. एकाच कार्डवर मंचुरियन, सुशी, रामेन, डिमसम आणि सोबत लाल-हिरवी-पिवळी करी असेल तर करीची पेस्ट बहुतेक बाटलीतूनच येणार. अर्थात फक्त थाईच ठेवणारं हॉटेल हवं असा हट्टही नको, कोरेगाव पार्कातलं मलाका स्पाइस आग्नेय आशियातलं बरंच काही देतं आणि लोक तिथे वर्षानुवर्षं जातात. मग रिव्ह्यूजच्या आत सर्च करायची सोय असते तिथे "सोम तम" किंवा "ग्रीन करी" टाका आणि नवीन रिव्ह्यू आधी वाचा, कारण आपल्याकडे शेफ बदलला की सहा महिन्यांत चव पार बदलते, जुन्या कौतुकाला काही अर्थ राहत नाही. दारावर थाई सिलेक्ट असा लोगो दिसला तर बघून ठेवा, ते थायलंडच्या वाणिज्य मंत्रालयाचं सर्टिफिकेट आहे.

जायच्या आधी फोन करा, आणि दुपारी साडेतीन-चारला करा, तेव्हा किचन मोकळं असतं आणि माणूस नीट बोलतो. विचारायचं एवढंच की करी पेस्ट इथेच वाटता का आणि थाई बेसिल (तुळशीसारखी पानं) ताजी मिळते का. वाटत असतील तर ते खुशीत सांगतात, मिरची कुठली वापरतो इथपर्यंत सांगतात. "हो हो सगळं ऑथेंटिक आहे सर" एवढंच उत्तर आलं तर दुसरं हॉटेल बघा.

व्हेज लोकांनी इथेच अजून एक विचारून घ्यायचं. थाई जेवणात मीठाचं काम फिश सॉस करतो आणि करीच्या पेस्टमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, तिला कापी म्हणतात. त्यामुळे कार्डवर व्हेज ग्रीन करी लिहिलंय म्हणजे ती व्हेज आहेच असं नाही, बाजारातल्या बऱ्याच तयार पेस्टमध्येही कोळंबी असते. पेस्टच्या डब्यावरचं लेबल दाखवा म्हणायला अजिबात लाजू नका. थायलंडमध्ये कडक शाकाहाराला "जे" असा शब्द आहे, त्यात कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे जैन जेवण मागितलं तर जाणकार शेफला ते नवीन नसतं.

पहिल्यांदा जाल तेव्हा दोनच गोष्टी मागवा, सोम तम आणि ग्रीन करी, सोबत साधा जास्मिन राईस. सोम तम म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड. लसूण आणि मिरची खलबत्त्यात ठेचायची, त्यात पाम शुगर, लिंबू, फिश सॉस, चवळीच्या शेंगांसारख्या लांब शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे आणि सुकी कोळंबी, मग पपईचा कीस घालून हलकं कुटायचं. ऑर्डर दिल्यावर आतून ठोकल्याचा आवाज आला तर फारच छान. पपई कुरकुरीत पाहिजे आणि पहिल्या घासाला आंबट, गोड, खारट, तिखट चारही लागले पाहिजेत. पपईच्या जागी नुसती काकडी-गाजर आलं तर तिथेच समजून घ्या.

ग्रीन करी आली की आधी वरून बघा. नारळाचं घट्ट दूध आटवून तेल सुटलं की त्यात पेस्ट परततात, म्हणून वर मिसळीवर तर्री येते तसे हिरवट तेलाचे थेंब दिसतात. करी एकसारखी पांढरट आणि चमच्याला चिकटणारी असेल तर त्यात बहुतेक कॉर्नफ्लॉवर आहे. मग वास घ्या, गवती चहा तर येणारच पण मक्रूत लिंबाच्या (काफिर लाइम) पानांचा वास वेगळा कळला पाहिजे आणि बेसिलला बडीशेपेसारखा वास हवा. ब्रोकोली आणि बेबीकॉर्न घातले म्हणून रागावू नका, थाई वांगी इथे सहज मिळत नाहीत.

पॅड थाई बघायचं असेल तर रंग बघा, लालभडक असेल तर केचप, खरं आंबट चिंचेतून येतं. टॉम यम सूप क्लिअर असो किंवा दूध घातलेलं, दोन्ही थायलंडमध्ये चालतात, फक्त चायनीज सूपसारखं दाट नको. कोळंबीचं टॉम यम 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलंय, तेव्हा त्याला एवढा मान द्यायलाच हवा!

झोमॅटोवरून मागवून हॉटेलचा निकाल लावू नका प्लीज. सोम तमला पाणी सुटतं, पॅड थाईचा गोळा होतो. पार्सलच हवं असेल तर मसामन करी घ्या, बटाटा, शेंगदाणे, वेलची, दालचिनी असते, घरी आई-बाबांनाही आवडते आणि गरम केली तरी बिघडत नाही.

आणि मँगो स्टिकी राईस एप्रिल-मेमध्येच मागवा. भात कोमट हवा, वरची नारळाची साय किंचित खारट हवी आणि आंबा समोर कापलेला हवा. डिसेंबरात कुणी देत असेल तर आंबा डब्यातला आहे का विचारा, आणि हो म्हणाले तर नारळाचं आइस्क्रीम घ्या.