कुठला निरोप फोनवर, कुठला व्हॉट्सॲपवर? रत्नागिरीत आंब्याच्या धंद्यात नवीन लागणाऱ्यांसाठी

सीझनला आमच्याकडे पॅकहाऊसमध्ये, ट्रान्सपोर्टला, एक्स्पोर्टवाल्यांच्या ऑफिसात दरवर्षी नवीन पोरंपोरी लागतात. फळ बघायला, पेटी भरायला पटकन शिकतात, पण निरोप कसा द्यायचा ते कोणी शिकवतच नाही, सगळ्यांना वाटतं व्हॉट्सॲप टाकला की काम झालं.

गाडीचंच घ्या ना. रात्री गाडी भरून वाशीच्या मार्केटला निघाली आणि मग कळलं की वीस पेट्या दुसऱ्याच गाळ्यावर उतरवायच्यात. अशा वेळी ड्रायव्हरला मेसेज टाकून झोपायला जाऊ नका, घाटात रेंजचा भरवसा नसतो आणि रेंज असली तरी तो गाडी चालवतोय, मेसेज वाचत बसावा अशी आपली इच्छा पण नसावी. फोनच करायचा, क्लीनर असेल तर त्याला, आणि तो गाळा नंबर परत म्हणून दाखवेपर्यंत ठेवायचा नाही. नुसतं "हो हो" म्हणजे काही खरं नसतं. फोन लागत नसेल तर गाडी नेहमी जिथे चहाला थांबते त्या हॉटेलवाल्याचा नंबर जवळ ठेवा, आमच्याकडे हा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे.

पण फोन ठेवल्यावर लगेच एक ओळ लिहून टाका. "आत्ता बोललो त्याप्रमाणे, इतक्या पेट्या, अमुक गाळा." आकडा नुसता तोंडी कधीच सोडू नका, पॅकहाऊसच्या आवाजात साठचे सात ऐकू येतात. युरोपच्या मालाला गरम पाण्याची ट्रीटमेंट किती डिग्रीला आणि किती मिनिटं, ही सूचना तर मशीनजवळ कागदावर चिकटवलेलीच हवी, पाळी बदलताना कोणी कोणाला काय सांगितलं यावर कशाला सोडायची?

वाईट बातमीचं वेगळं. भाव उतरला, माल रिजेक्ट झाला, असलं काही बागायतदारांच्या ग्रुपवर टाकू नका. त्या काकांचा माल कमी दर्जाचा निघाला हे गावभर झालं की पुढच्या वर्षी त्यांचा आंबा दुसऱ्याकडे गेला समजा. फोन करा, पैशाची बाब मोठी असेल तर गाडी काढून घरी जा. चहा घ्यावाच लागतो, वर "तुमच्या ऑफिसातल्या लोकांना काही कळत नाय" हे पण ऐकावं लागतं, पण बसून बोललं की माणूस दुखावत नाही. हिशोबाचा कागद सोबत न्या, नाहीतर दुसऱ्यांदा जावं लागेल. हाताखालच्याला झापायचं असेल तर ते पण ग्रुपवर नाही, बाजूला घेऊन. शाबासकी खुशाल ग्रुपवर द्या.

बागेत राखणीला आणि काढणीला बरेच ठिकाणी नेपाळी माणसं असतात, त्यांना मराठीत लांबलचक टाइप करून काय उपयोग? हिंदीत छोटा व्हॉइस मेसेज, बस्स. साहेबांना मात्र तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवू नका, ते मीटिंगमध्ये ऐकणार कसे, त्यांना दोन ओळी लिहा.

बँक, एक्स्पोर्टचं सरकारी काम, परदेशातला गिऱ्हाईक, हे सगळं ईमेलवर, कारण सहा महिन्यांनी वाद झाला की तेच शोधायचं असतं. विषयाच्या ओळीत बिल नंबर किंवा कन्साइनमेंट नंबर घाला, नुसतं "अर्जंट" नको. जीमेलला २५ एमबीच्या वर फाइल चिकटत नाही, ड्राइव्हची लिंक जाते, ती समोरच्याला उघडतेय का ते आधी बघा. आणि सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवायचंच झालं तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो दाबला जातो आणि शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही.

जूनमध्ये पल्पवाल्यांचं काम चालू असतं तेव्हा पहिल्या जोराच्या पावसात लाइट जाते, पाठोपाठ टॉवर पण जातो. म्हणून गेटवर एक फळा ठेवायचा आणि उद्याची पाळी, गाड्यांची वेळ खडूने लिहायची. वर तारीख मात्र नक्की घाला, नाहीतर कालचं वाचून लोक भलत्याच पाळीला येऊन उभे राहतात.