घरभेटीला गेलात की पायांकडे बघा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) संपवून ठाणे-नवी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हे सगळं तुम्ही शिकलेले आहात. कायद्याचं १९ वं कलम माणसाला समाजात राहण्याचा हक्क देतं. दिघ्यातल्या एका खोलीत पाच माणसं राहतात, तिथे तो हक्क कसा बसवायचा हे मात्र कोणी शिकवत नाही.

मी ज्यात अडकले ते आधी सांगते, कारण त्याचा त्रास मला अजून होतो.

माणूस रुग्णालयातून घरी येतो. काही दिवस बरे जातात. मग तो रात्री गॅलरीत येरझारा घालायला लागतो. शेजारी कुरकुरतात, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. आई म्हणते, "मॅडम, पुन्हा सुरू झालं ओ याचं." आपण लिहितो, ‘लक्षणं वाढली’. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर आपली नोंद वाचून डोस वाढवतात, आणि येरझारा आणखी वाढतात.

तो आजार नसेलही. औषधाचा दुष्परिणाम असेल, अकॅथिसिया. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी तो जास्त होतो, रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोलनेही होतो. माणसाला बसायचं असतं, पण बसवत नाही. हा छळ इतका असह्य असतो की लोक गोळ्या टाकून देतात, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. वर घरचे म्हणतात, औषध टाळतो.

म्हणून आधी केसपेपरवरच्या तारखा बघा. डोस कधी वाढला, औषध कधी बदललं, महिन्याचं इंजेक्शन कधी दिलं? मग आईला नाही, त्यालाच विचारा: बसावंसं वाटतं का? त्रास पायांत होतो का? कानात ऐकू येणारे आवाज वाढलेत का, कोणाचा संशय येतो का? अकॅथिसिया मोजायच्या बार्न्स यांच्या १९८९ च्या मोजपट्टीत रुग्णाला बसवून आणि उभं करून, प्रत्येक वेळी निदान दोन मिनिटं बघायला सांगितलंय. तेवढा वेळ गप्पा मारा आणि पायांवर लक्ष ठेवा. आजार आणि दुष्परिणाम एकाच वेळीही असू शकतात; निदान डॉक्टरांनी करायचं. तुम्ही ‘अस्वस्थ’ एवढंच लिहू नका. लिहा: ‘मंगळवारी इंजेक्शन, शुक्रवारपासून बसवत नाही, उभा असताना पाय सतत उचलतो, आवाज वाढलेले नाहीत.’ मग डॉक्टर डोस कमी करू शकतात, औषध बदलू शकतात किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊ शकतात. रुग्णाला दमा असेल तर तेही ठळक लिहा, कारण दम्यात प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. स्वतःच्या मनाने मात्र एक गोळीही कमी करायला सांगू नका. घाबरूही नका, वेळेवर लक्षात आलं तर हा त्रास बहुतेकदा आटोक्यात येतो.

माझ्या पहिल्या प्रकल्पाच्या फॉर्मवर ‘औषध नियमित: हो/नाही’ आणि ‘लक्षणं: वाढली/कमी’ एवढंच होतं. दुष्परिणामांना जागाच नव्हती. तुमच्याही फॉर्मवर नसेल तर वेगळी वही ठेवा, वरिष्ठ काहीही म्हणोत.

व्हॉट्सअ‍ॅपवर "गोळ्या घेतल्या ना?" विचारून फॉलोअप झाला असं मानणं मला अजिबात पटत नाही. दोन दिवसांच्या समुपदेशन प्रमाणपत्रांवरही पैसे घालवू नका. त्यापेक्षा ओपीडीत वर्षानुवर्षं इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरजवळ बसा. रुग्ण दारातून आत येतानाच त्यांना बरंच काही कळतं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राबद्दल एकच: मानसिक आजारातलं अपंगत्व मोजायच्या आयडियाज मोजपट्टीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम बघतात. तपासणीच्या दिवशी लाजेपोटी "सगळं ठीक आहे" म्हणू नका, हे घरच्यांना आधीच समजवा. अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर बहुतेक योजना हातच्या गेल्या.

सतत टोमणे आणि टीका होणाऱ्या घरात आजार जास्त उलटतो, हे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या लंडनमधल्या अभ्यासांपासून माहीत आहे. पण ते आईच्या तोंडावर मारू नका. एका खोलीत चोवीस तास दोघं समोरासमोर असली की कोणाचाही आवाज चढेल. त्याला रोज काही तास बाहेर जाता येईल असं काम किंवा केंद्र शोधा. तेवढ्यात तीही झोपते. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दारामागे लिहून ठेवा.

आणि स्वतःकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. साताऱ्यासह तीन ठिकाणी झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखान्याच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची जोड दिल्यावर स्किझोफ्रेनिया असलेल्यांना फायदा झाला, पण माफक. महिनोन्‌महिने काहीच हललं नाही असं वाटेल तेव्हा मला त्याचा आधार वाटतो.

आपल्या नोकऱ्या कंत्राटी असतात, माणसं बदलत राहतात. सोडताना फाइल टेबलावर ठेवून निघू नका. नव्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन प्रत्येक घरी जा, आणि स्वतःबद्दलची कोणती माहिती पुढे द्यायची हे रुग्णालाच विचारा.