मंडळीत दानार्पण वाढवायचे आहे? आधी हिशेबाची वही उघडा

मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना संपत आलेली असते. पाळक घसा खाकरतात. छप्पर गळते आहे, वीजबिल थकले आहे, असे सांगून बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले ‘दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) भांडारात आणा’ हे वचन वाचतात. त्या रविवारी दानाची थैली जरा जड होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा जैसे थे. तीन-चार वेळा असे झाले की पाळकांनी घसा खाकरला रे खाकरला, लोक घड्याळाकडे बघू लागतात.

मी काही वर्षे मंडळीचा खजिनदार होतो, त्यामुळे हा प्रसंग बाकावरूनही पाहिला आहे आणि मोजणीच्या टेबलामागूनही. द्यायचेच नाही असे ठरवलेली माणसे मला फार थोडी भेटली. दिलेले कुठे जाते ते कळत नाही म्हणून हात आखडता घेणारी मात्र पुष्कळ भेटली. म्हणून खालच्या पायऱ्यांत आवाहन बरेच उशिरा येते. कितीही घाई असली तरी हा क्रम बदलू नका.

पायरी १ : पैसे मोजण्याची पद्धत सुधारा

बायबलमधले २ राजे, अध्याय १२. यहूदाच्या योवाश राजाने यरुशलेमच्या मंदिराच्या डागडुजीचे काम याजकांवर सोपवले होते. त्याच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष उजाडले तरी भगदाडे तशीच. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरत आली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत, थैल्यांत बांधत आणि काम करणाऱ्यांकडे देत. या वृत्तांतात लोकांना कोणी दटावलेले नाही. पद्धत बदलली आणि काम सुरू झाले.

त्याच अध्यायात पुढे असेही म्हटले आहे की काम करवून घेणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. हे वचन पुढे करून पावत्या टाळणारे लोक मला भेटले आहेत. पेटी मोजायला दोघे बसत, हे थोडे आधी लिहिलेले त्यांच्या डोळ्यांतून नेमके निसटते.

आजच्या मंडळीत याचा अर्थ असा :

– उपासना संपल्याबरोबर, त्याच इमारतीत, दोघांनी पैसे मोजावेत. दोघे एकमेकांचे नातेवाईक नसावेत. दर महिन्याला जोडी बदलावी.
– नोटा, नाणी, धनादेश यांचा छापील तक्ता भरून दोघांनी सह्या कराव्यात आणि मगच रक्कम खजिनदाराच्या हातात द्यावी.
– मोजणारा, बँकेत भरणारा आणि वहीत लिहिणारा एकच माणूस नसावा.
– थैलीतून पैसे काढून परस्पर खर्च करू नये. आधी सगळे बँकेत जावे, मग खर्चासाठी बाहेर यावे.
– खाते मंडळीच्या नावावर हवे आणि धनादेशावर दोन सह्या हव्यात. पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात मंडळीचा पैसा एक दिवससुद्धा नको.
– वर्षातून एकदा समितीबाहेरच्या जाणकाराकडून हिशेब तपासून घ्यावा.

एक कबुली देतो. बँक बंद होती म्हणून मी एकदा दोन आठवड्यांची रोकड घरी ठेवली होती. त्यातली एक दमडीही कमी झाली नाही, पण कुजबुज व्हायची ती झालीच. चूक माझीच होती. पौलासारखा प्रेषितसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली रक्कम एकट्याने नेत नव्हता. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, आणि कारणही लिहून ठेवले : कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीने योग्य ते माणसांच्याही दृष्टीने योग्य दिसावे (२ करिंथ ८:२०-२१).

पायरी २ : दर महिन्याला एक कागद

मागच्या महिन्याची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक. एवढेच, पण दर महिन्याला, सूचना फलकावर किंवा उपासनेच्या पत्रकात. वाईट महिना असेल तर तोही. वार्षिक सभेत जाडजूड अहवाल वाटून लगेच मंजुरीला हात वर करायला लावणे म्हणजे हिशेब देणे नव्हे.

‘इतर खर्च’ या रकान्यावर लक्ष ठेवा. सगळ्यात मोठा आकडा तिथे असेल तर लोक बाकीचे वाचतच नाहीत. आणि आकड्यांखाली एक साधे वाक्य लिहा : या महिन्यात तीन विद्यार्थ्यांची फी भरली, रुग्णालयात असलेल्या दोन कुटुंबांना मदत पोचली.

विशेष निधीचे पैसे वेगळे दाखवा. छपरासाठी आलेले छपरालाच. काम कमी पैशांत झाले आणि रक्कम उरली, तर ती कुठे वळवायची हे देणाऱ्यांना विचारून ठरवा.

पायरी ३ : पुढाऱ्यांनी आधी द्यावे

दाविदाने मंदिरासाठी आधी स्वतःचे दिले, मग घराण्यांच्या प्रमुखांनी दिले, आणि ते पाहून लोक आनंदले (१ इतिहास २९). मंडळीचे वडील (ज्येष्ठ पुढारी) आणि समितीचे सभासद स्वतः नियमित देत नसतील तर पुढचे सगळे थांबवा. कोण किती देतो हे जाहीर करायचे नाही. ‘समितीतला प्रत्येक जण ठरवून देतो’ एवढे एक वाक्य खरेपणाने म्हणता आले की पुरे.

आणखी एक. पाळकांच्या मानधनाबद्दल पाळकांना स्वतः बोलायला लावू नका. ते समितीने बोलायचे असते.

पायरी ४ : टंचाई नसताना शिकवा

खजिना आटला की देण्याचा संदेश द्यायचा, ही सवय मोडली पाहिजे. तीन-चार रविवार सलग कारभारीपणावर शिकवा आणि त्या दिवसांत कसलेही आवाहन करू नका.

सुरुवात ‘कारभारी’ या शब्दापासूनच करा. कारभारी मालक नसतो. किल्ल्या त्याच्याजवळ असतात, सही त्याची चालते, पण धनी परत आला की हिशेब द्यावा लागतो. ‘सर्व काही तुझ्यापासून आहे, तुझ्याच हातचे तुला दिले’ अशी दाविदाची प्रार्थना आहे. हे मान्य केले की प्रश्न दहाव्या भागापुरता राहत नाही. उरलेल्या नऊ भागांचे काय, कर्ज का काढले, वेळ कुठे घालवला, मजुराला वेळेवर पैसे दिले का, हे सगळे कारभारात येते. १८ व्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली ऑक्सफर्डच्या दिवसांतल्या एका तरुणाची हकीकत सांगे. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ वर भागवी आणि २ देई. पुढे मिळकत ६०, मग ९०, मग १२० पौंड झाली, पण त्याचा खर्च २८ वरच राहिला. वरचे सगळे गरजूंना गेले. तो तरुण वेस्ली स्वतःच होता असे पुष्कळ जण मानतात. मंडळीतल्या तरुणांना ही गोष्ट सांगून पाहा. पगारवाढ झाली की खर्चवाढ झालीच पाहिजे का, यावर चांगली चर्चा रंगते.

दशमांशाबद्दल पंथापंथांत मतभेद आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश मुख्यतः धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरेढोरे यांचा होता. तो लेव्यांसाठी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशासाठी होता, आणि दर तिसऱ्या वर्षी परके, अनाथ आणि विधवा यांनाही त्यातून पोटभर मिळावे अशी सोय होती (अनुवाद १४). पौलाने करिंथकरांना टक्का सांगितला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने बाजूला काढून ठेवावे असे सांगितले. तुमच्या मंडळीची भूमिका काय ती स्पष्ट सांगा, पण दशमांशाची यादी बघून सभासदत्व किंवा अंत्यविधी ठरवू नका.

दोन उताऱ्यांच्या बाबतीत विशेष जपा.

पहिला मलाखी ३. ‘दशमांश भांडारात आणा’ हे वचन वाचण्याआधी त्याच पुस्तकाचे पहिले दोन अध्याय वाचा. तिथे याजकांची झाडाझडती आहे. आंधळी-लंगडी जनावरे अर्पणाला चालवून घेतल्याबद्दल. लेव्यांचा वाटा थांबला आणि ते पोटासाठी शेतावर परतले, तेव्हा यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्यानेही जाब विचारला तो अधिकाऱ्यांना, आणि पुढे भांडारावर विश्वासू म्हणून नावाजलेली माणसे नेमली (नहेम्या १३). ही वचने वाचताना व्यासपीठावरच्या माणसाने जरा अवघडून जावे हेच बरे.

दुसरा विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी हलक्या किमतीच्या दोन नाण्यांचा (मार्क १२). तिने आपली सगळी उपजीविका टाकली, म्हणून तुम्हीही टाका, असा त्याचा सर्रास वापर होतो. पण त्याच्या लगेच वरचे वचन पाहा : विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा, असे येशू म्हणतो. आणि पुढच्याच अध्यायात, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे सांगतो. तिच्या श्रद्धेपुढे मान झुकवावीच. पण गरिबाच्या हातातली शेवटची टोली काढून घेण्यासाठी तो उतारा वापरणे मला तरी धजवत नाही.

‘एक पेरा, शंभर उगवतील’ छापाची आश्वासने पूर्ण टाळा. त्याला अर्पण म्हणत नाहीत, सौदा म्हणतात. नाही उगवले की माणूस मंडळीही सोडतो आणि कधी कधी विश्वासही.

पायरी ५ : आता आवाहन करा

‘मंडळीच्या अनेक गरजा आहेत, सढळ हाताने द्या’ हे वाक्य कोणाच्याच खिशापर्यंत पोचत नाही. काय हवे, किती हवे, कधीपर्यंत हवे आणि आधी किती जमले आहे, हे चार आकडे द्या. येशूच्या दाखल्यातला बुरूज बांधायला निघालेला आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो ना, तो अंदाज लोकांपुढे ठेवा.

आणि जमले की थांबा. निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचा उपासनेचा तंबू, उभारताना कारागीर मोशेकडे येऊन म्हणाले की लोक लागते त्याहून जास्त आणत आहेत. मोशेने छावणीभर दवंडी पिटवली : आता कोणी काही आणू नये (निर्गम ३६). ‘पुरे झाले’ असे जाहीर केलेल्या मंडळीवर लोक पुढच्या वेळी डोळे झाकून विश्वास ठेवतात. अशी घोषणा माझ्या कारकिर्दीत एकदाच करता आली. ती ऐकून लोक चक्क हसले होते, खुशीने.

पायरी ६ : ठरवून देण्याची सवय लावा

वर्षातून एकदा संकल्पपत्र वाटा. कुटुंबाने घरी बसून, प्रार्थना करून मिळकतीचा किती भाग द्यायचा ते ठरवावे. पत्र पाकिटात बंद, पाहणारा फक्त खजिनदार. आज कोणी मिळकतीचा १ टक्का देत असेल तर त्याला एकदम १० चे स्वप्न दाखवू नका. पुढच्या वर्षी २ करून बघा म्हणा. ‘दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून नको, मनात ठरवल्याप्रमाणे’ हे पौलाचे सूत्र इथे शब्दशः लागू पडते.

देण्याची सोय अनेक मार्गांनी करा : पाकीट, पेटी, बँकेतून दरमहा आपोआप जाणारी रक्कम, मोबाइलवरून देणे. क्यूआर कोड लावाल तर तो मंडळीच्याच खात्याचा आहे ना, हे दर काही दिवसांनी स्वतः पैसे पाठवून तपासा. वरून दुसरा कोड चिकटवून जाणारे भामटे असतात. ऑनलाइन देणाऱ्याला थैली समोरून जाताना रिकाम्या हाताने बसायला ओशाळवाणे वाटते. त्याच्यासाठी ‘मी दिले आहे’ असे छोटे कार्ड बाकावर ठेवता येते. मुलांनाही त्यांचे स्वतःचे पाकीट द्या. आईवडिलांनी ऐनवेळी हातात कोंबलेले नाणे त्यांना काही शिकवत नाही.

ज्यांना देता येत नाही, आणि जे फार देतात

कर्जात बुडालेले, नोकरी गेलेले, घरात आजारपण असलेले लोक प्रत्येक मंडळीत असतात. आवाहनाच्या वेळी त्यांच्याकडे बघून स्पष्ट सांगा : तुम्ही या वर्षी देऊ नका, लागेल ते मागा. जवळ नाही त्यावरून नव्हे, आहे त्यावरून देणे मान्य होते, हे पौलाने मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांचे कौतुक करून झाल्यावर लगेचच लिहिले आहे.

मोठ्या देणगीदाराचा प्रश्न याच्या उलटा. नावाची पाटी, समितीत जागा, संगीत कोणते असावे यावर मत, हे हळूहळू देणगीच्या मागोमाग येते. अटी असलेली देणगी नम्रपणे परत करायची तयारी ठेवा. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा आजही येतो आणि आजही त्यालाच पुढची खुर्ची मिळते. कोण किती देतो हे पाळकांना माहीत असावे की नसावे, यावर दोन मते आहेत. माझे मत : नसावे. माहीत झाले की भेटीला कोणाच्या घरी आधी जायचे हे नकळत ठरते. आभाराचे पत्र मात्र प्रत्येकाला, एकाच मजकुराचे, वर्षाच्या हिशेबासोबत.

पायरी ७ : मंडळीने स्वतः द्यावे

पौलाने इतक्या मंडळ्यांतून जी वर्गणी जमवली ती त्या मंडळ्यांच्या कुठल्याच छपरासाठी नव्हती. दूरच्या, न पाहिलेल्या माणसांसाठी होती. म्हणून अंदाजपत्रक करताना पहिलीच ओळ बाहेर जाणाऱ्या पैशाची लिहा, शेवटची नको. शेवटी उरेल ते देऊ म्हटले की शेवटी काही उरत नाही. हे घरालाही लागू आहे आणि मंडळीलाही.

वर्षाअखेरीस फक्त एकूण जमेकडे बघू नका. देणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली का? दर महिन्याला सारखे येते का? एका-दोघांच्या जिवावर तर चाललेले नाही? आकडा पहिले सहा महिने बहुधा हलणार नाही, समितीत कोणीतरी ‘पूर्वीचेच बरे होते’ म्हणेल, आणि मलाखीची आठवणही काढेल. तक्ता भरत राहा.

येत्या रविवारपासून सुरू करायचे असेल तर मोजणीच्या तक्त्याच्या काही प्रती, दोन पेने आणि एकमेकांचे नातेवाईक नसलेली दोन माणसे लागतील.