‘इन्हेरन्ट’चा वारशाशी संबंध नाही: या चुका टाळा

पणजीत इंग्रजी दस्तऐवजांची मराठी भाषांतरे तपासताना एक चूक मला वर्षानुवर्षे भेटत आली आहे. ‘इन्हेरन्ट’ हे विशेषण दिसले की नवखा भाषांतरकार ‘इन्हेरिट’ आठवून ‘वारशाने आलेला’ असे लिहून मोकळा होतो. उच्चार जवळचे असले तरी मुळे वेगळी आहेत: पहिला शब्द ‘चिकटून असणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, तर दुसरा ‘वारस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून. ‘इन्हेरन्ट’ म्हणजे वस्तूच्या अंगीच असलेले, अंगभूत.

म्हापशाकडील एका कुटुंबाची इन्व्हेंटरी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया, चालू होती. घराच्या मूल्यांकन अहवालात चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, उघड्या भिंतींत ‘इन्हेरन्ट डिफेक्ट’ असल्याचे नमूद होते, कारण चिरा सच्छिद्र असतो आणि पावसात पाणी शोषतो. भाषांतरात मात्र ‘वारशाने आलेला दोष’ असे उतरले. गोव्यात मालमत्तेचा अर्धा हिस्सा कायद्यानेच वारसांसाठी राखीव असल्यामुळे कागदावर वारसा हा शब्द दिसताच सगळे सावध होतात. आजोबांच्या मालकीतच खोट आहे अशी भावांची समजूत झाली, जुनी पोर्तुगीज खरेदीखते बाहेर निघाली, आणि कागद माझ्याकडे येईपर्यंत पंधरा दिवस वाया गेले होते. शब्दकोश उघडायला दोन मिनिटे पुरली असती. मोबाइलवर अर्थ पाहून पुढे धावणाऱ्यांना हे पटत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एखादा गुण अंगभूत आहे का हे ठरवताना माझी सवय अशी की तो मनातल्या मनात वेगळा काढून पाहावा. कोकमाच्या सोलातला आंबटपणा काढला तर ते सोल उरत नाही, म्हणून तो अंगभूत; सोलकढीतले मीठ आपण घातलेले असते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५१ मधील न्यायालयाचे ‘इन्हेरन्ट’ अधिकारही याच अर्थाने अंगभूत आहेत. ते त्या कलमाने दिलेले नाहीत, तर न्यायालयाकडे असलेलेच त्याने अबाधित ठेवले आहेत.

‘इन्हेरन्ट’चा ‘महत्त्वाचा’ असा अर्थ लावणेही चुकीचेच आहे, कारण अंगभूत गोष्ट क्षुल्लकही असू शकते. इंग्रजीत लिहिताना ‘इन्हेरन्ट’नंतर ‘इन’ आणि जवळपास त्याच अर्थाच्या ‘इन्ट्रिन्सिक’नंतर बहुधा ‘टू’ येते, हे पाठच करावे. मराठीत ‘इन्हेरन्ट’साठी ‘उपजत’ हा शब्द मी माणसांच्या आणि प्राण्यांच्या गुणांसाठीच राखतो. भिंतीचा दोष उपजत नसतो.