योजनेचे पैसे जमा झाले म्हणतात, पण हातात नाहीत? या चुका टाळा

पेठ-सुरगाण्याकडच्या घरात लाडकी बहीण योजनेच्या महिन्याच्या दीड हजाराला काय किंमत असते, ते नाशिक शहरात बसून लक्षात येत नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरातलं भात-नागली संपत आलेलं असतं, आणि द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे निघायला अजून अवकाश असतो. अशा वेळी खात्यात पैसे असले तर मुकादमाची उचल टळते. उचल घेतली की पुढच्या हंगामाचा दर आपण ठरवायचा उरत नाही. शेळी विकायची तर तीही पावसाळ्यात पडत्या भावाने. म्हणून ही रक्कम वेळेवर येणं महत्त्वाचं, आणि ती अडकण्याची बरीचशी कारणं तालुक्याच्या गावी दुरुस्त होण्यासारखी असतात.

आधार ‘लिंक’ आहे, तरी पैसे नाहीत

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली की काम झालं असं वाटतं, पण ती नुसती केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी. लाडकी बहीण किंवा पीएम किसानची रक्कम आधार क्रमांकाला एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत जी बँक जोडलेली आहे तिथे जाते. याला सीडिंग म्हणतात. एका आधारला एका वेळी एकच बँक, आणि ज्या बँकेत सगळ्यात शेवटी सीडिंग झालं ती खरी. बागेवर कामाला असताना पिंपळगावला कुणी ‘झिरो बॅलन्स’ खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, की गावाकडच्या पासबुकातल्या नोंदी थांबतात. पैसे बुडालेले नसतात, त्या दुसऱ्या खात्यात साठत असतात. 2017 मध्ये गॅसच्या अनुदानाबाबत देशभर हेच झालं होतं: सिमकार्डाच्या पडताळणीला अंगठा दिला आणि ग्राहकाच्या नकळत पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं.

तेव्हा अर्ज पुन्हा भरत बसू नका. आधी ‘मायआधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहा. कोणती बँक, केव्हापासून, चालू की बंद, सगळं दिसतं. बँक चुकीची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर घरी परतू नका.

हे पाहायला ओटीपी लागतो, आणि तिथेच दुसरी अडचण. आधारला नंबर असतो मुलाचा, मुलगा सातपूरला कंपनीत, आणि जुनं सिम कधीच बंद पडलेलं. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर घालून घ्या, त्याला कागदपत्रं लागत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: बाईच्या नावाची योजना असेल तर खातं तिचं, नंबर तिचा आणि फोनही तिच्या हाताशी हवा.

अंगठा कुठे आणि कितीदा

बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने अंगठा घेऊन पैसे देणारा माणूस, गावात आला ही मोठी सोय आहे, तालुक्याला जाण्यात बुडणारी मजुरी वाचते. पण ‘सर्व्हर डाउन आहे, परत लावा’ असं ऐकून तीनदा अंगठा देणारे खूप. दर वेळी पावती मागा, नसेल तर लगेच बॅलन्स पाहा. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आली नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. एटीएम कार्ड पिनसकट दुकानदाराकडे ‘उधारीपोटी’ ठेवणं तर आजच बंद करा.

कामाने बोटं झिजली की अंगठा उमटत नाही. दुसरं बोट लावून बघा. पीएम किसानच्या ॲपवर 2023 पासून चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते, हे अनेक केंद्रचालक सांगतच नाहीत.

सातबारा आजोबांच्याच नावावर

पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि राज्याच्या नमो शेतकरीचे 6000 मिळायला जमीन स्वतःच्या नावावर लागते. 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदी केलेली चालत नाही. वारसाने आलेली चालते. म्हणजे वारसनोंद रखडली तर नुकसान आपलंच. वनहक्क कायद्याने जमिनीचा पट्टा मिळालेले वनपट्टेधारकही पात्र आहेत, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरमध्ये ही बाब फार कामाची आहे.

लाडकी बहीणचे 1500 ऐवजी 500 च आले म्हणून कुणी कापले असं लगेच समजू नका. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिन्याला 1000 चा लाभ त्याच बाईच्या नावावर असेल तर फरकाचे 500 च मिळतात.

बँकेने जुन्या कर्जात किंवा दंडात रक्कम वळती केली, तर मात्र गप्प बसू नका. लाडकी बहीणबाबत तसं करू नये, अशा सूचना 2024 मध्ये बँकांना गेलेल्या आहेत. साधं बचत खातं असेल तर अर्ज देऊन किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं करून घ्या.

खर्चाबद्दल थोडं

‘पैसे दिले की दारूत जातात’ हे पारावर नेहमी ऐकू येतं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये 19 अभ्यास तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं काही निघालं नाही. मला जास्त काळजी वाटते ती हप्त्यांची. महिन्याला 1500 येतात म्हणून 1400 च्या हप्त्यावर फोन घेतला, मग योजनेचा एक महिना लांबला की दंड सुरू. त्यापेक्षा थोडे बचत गटात आणि थोडे बियाण्यासाठी जूनपर्यंत राखलेले बरे.

तक्रार करायची तर क्रमाने. आधारचं असेल तर 1947, पीएम किसानचं 155261. बँकेचं असेल तर आधी शाखेत लेखी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन 14448. तेव्हा ती शिक्क्याची पोच लागते.